ओटीतून उचललेला कट्टा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, म्हणजे गावाचे फळीमुन्शी आणि घरात माझे मामाजी, म्हणजे सासरे, आदरणीय मुखरूभाऊ. तालुक्याहून आलेले आरोग्य खात्याचे साहेब. सत्कारमूर्ती, आपल्या उपकेंद्राच्या नर्स सुलताना मॅडम. सावली गावातलं शिलाईचं दुकान बंद ठेवून आलेले त्यांचे यजमान कमरुद्दीनभाऊ. समोर बसलेल्या आयाबहिणी, आणि मंडपामागे बिडी ओढत भाषण ऐकणारी समस्त मंडळी, तुम्हा सर्वांना या दिव्यानीचा नमस्कार.

नववा महिना लागला आहे, म्हणून खुर्ची धरून बोलते. मला सांगण्यात आलं होतं, दोन शब्द बोल आणि शाल दे. दोनात भागणार नाही.

आताच एका वक्त्यांनी सांगितलं की मॅडमची जिवतीला बदली प्रशासकीय कारणाने झाली. ते कारण माझ्या ओटीत होतं, हे इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. मग लपवाछपवी कुणापासून?

आमचं घर तेंदूपत्त्याचं. उन्हाळ्यात फळीवर, म्हणजे पानं खरेदीच्या जागी, बाया पानांचे पुडे आणतात, मामाजी मोजून घेतात, आणि झाडाखाली बसलेल्या बायांत एक बिडी हातोहात फिरते. लग्न होऊन आले तशी माझ्याही हातात आली. दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी, सुगंधाबाईंनी, अगदी मायेनं सांगितलं, "ओढत राह्य पोरी. लेकरू बारीक राह्यते, सुटका लवकर होते." म्हणूनच आमच्या घरात ओटीत तांदूळ, खण, नारळ आणि त्यावर बिडीचा कट्टा घालतात. त्यांच्याही ओटीत घातला होता.

माझ्या सातव्या महिन्याच्या ओटीभरणाला मॅडम आल्या, पुढे झाल्या आणि त्यांनी तो कट्टा उचलून आपल्या पर्समध्ये टाकला. भरल्या ओटीतून वस्तू काढली. मंडपात कोणी उपाशी उठलं नाही बरं का, जेवले सगळे, पण घासागणिक अपशकुन, अपशकुन सुरू होतं. काहींनी मॅडमचा धर्मही काढला. मामाजींनी तालुक्याला तक्रार केली. मी मान खाली घालून बसले होते. आज मान वर आहे.

दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा दारात. मला म्हणाल्या, "देख बेटा, लेकरू पोटात श्वास नाई घेत, तुह्या रक्तातून घेते. तू ओढली का त्याले हवा कमी पडते. लेकरू बारीक राह्यलं म्हणजे सुटका सोपी, हे कोनं सांगतलं तुले? ते आधीच येऊ शकते, त्याले दूध ओढाची ताकद राहत नाई. कधी कधी जीवच हाती लागत नाई."

मी म्हटलं, "आता सातवा सरत आला मॅडम, आता सोडून काय फायदा?"

"आज सोडली तं आजपासून फायदा. अन् तुह्या नवऱ्याले, प्रवीणलेबी सांग, त्याचा धूरबी तुह्याच छातीत जाते."

सोपं गेलं नाही. डोकं दुखायचं, चिडचिड व्हायची, एकदा तर नवऱ्यावर ताट आपटलं. ज्या बाईची तक्रार झाली ती रोज येऊन फुटाण्याची पुडी देत होती आणि तलफ उतरेपर्यंत माझ्याजवळ बसत होती. प्रवीण आता रस्त्यावर जाऊन ओढतो. पावसात भिजत ओढतो, पण घरात नाही. मागच्या तपासणीत बाळाची वाढ चांगली निघाली.

मामाजी, तुम्ही अध्यक्ष आहात म्हणून तुम्हालाच विचारते. सासूबाईंच्या ओटीतून कोणी काही काढलं नव्हतं. कट्टा जागेवर होता, शकुन जागेवर होते. तरी त्यांची पहिली दोन्ही लेकरं पाळण्यापर्यंत पोचली नाहीत. बारीक होती ती. मग तो अपशकुन कुणी केला होता? बिडीनेच गेली असं मॅडम म्हणत नाहीत. बिडीने धोका वाढतो म्हणतात. मी म्हणते, वाढवायचा कशाला?

हे सगळ्यांसमोर बोलू का, असं सकाळी सासूबाईंना विचारलं. कणीक मळता मळता त्या थांबल्या. म्हणाल्या, "बोल. इतके वर्स झाले, त्या लेकराइचं मले कोनं विचारलंच नाई." मला रडू आलं, त्यांना नाही आलं. त्या त्याच्या पलीकडे गेल्या आहेत.

म्हणून मॅडमना शाल मी देणार नाही, सासूबाई देतील. त्या ओटीचं सामानही घेऊन आल्या आहेत. मॅडम, ओटी भरली तर चालेल ना? कमरुद्दीनभाऊ हसताहेत, म्हणजे चालेल.

आयोजकांनी बोलू दिलं, साहेबांनी ऐकून घेतलं, सर्वांचे आभार. सुनेच्या तोंडून जास्तीचं निघालं असेल तर पोटातल्या जिवाकडे पाहून पोटात घाला. फक्त एक शब्द मागे घेणार नाही, मामाजी. बाळंत होऊन मी घरी येईन, तेव्हा उंबऱ्याच्या आत धूर दिसला, तर लेकरू घेऊन त्याच पावली जिवतीची गाडी धरीन. तिथे आता ओळखीची नर्स आहे.

या सासूबाई, वर या. मी खुर्ची सरकवते.