एकतीस शाली आणि चारीचा गाळ

मंडळी, देवाचं नाव घ्या, मांडी सैल करा, आणि मला एक सांगा. उन्हातून चालताना रस्त्याकडेच्या पाणपोईवर कधी पाणी प्यालात? प्यालात! गार लागलं? लागलं! मग सांगा — तो रांजण सकाळी भरला कुणी? ...गप्प! अहो गोविंदराव, तबल्यात काय शोधताय? तुम्हालाही ठाऊक नाही, मलाही नाही! तोंड पुसलं नि चालू लागलो. म्हणून आजचा प्रश्न हाच — फुकट मिळालेल्याचं आपण काही देणं लागतो का? आणि लागत असू, तर फेडायचं कसं?

पाणी प्याला, वाट धरी । रांजण कोण रोज भरी ।
पुसले ना क्षणभरी । तहान त्याची राहिली ॥

ऐका तर! एका धरणाचा डावा कालवा. त्यावर सतरा गावं. कालव्यातून चारी निघते, चारीतून शेतात पाणी, आणि पाणी मिळायचं ते पाळीनं. कुणाची पाळी कधी, ते पाणी सोडणारा पाटकरी चिठोऱ्यावर लिहायचा. चिठोरं हरवलं की? फावडी उचलली जायची! सख्खे व्याही एकमेकांची गचांडी धरायचे!

त्या भागात शर्वरी खैरनार नावाची बाई. घरी ती आणि तिची आई. तालुक्याला कॉम्प्युटरचे क्लास घ्यायची. तिनं एक सॉफ्टवेअर लिहिलं, नाव 'पाणपाळी'. कालव्याला पाणी सुटायचं ठरलं की ज्याच्या त्याच्या मोबाइलवर निरोप — 'तुमची पाळी मंगळवारी, सकाळी सात ते दहा.' संपलं भांडण! किंमत? काही नाही! आणि नुसतं फुकट नव्हे हं. आतली सगळी कृतीही तिनं उघडी ठेवली. लोणच्याची कृती दारावर लावावी तशी! वाचा, शिका, बदला, आपल्या गावाला लावा. ह्याला म्हणतात ओपन सोर्स. आमच्याकडे काय? सुनेला मसाल्याचं प्रमाण सांगताना सासूबाई एक जिन्नस हमखास गाळतात! हसताय? मागच्या रांगेतल्या आजी बघा, त्या हसत नाहीयेत.

पाच वर्षं चाललं. धरणखात्यानं वेळापत्रकाची रीत बदलली — हिनं सॉफ्टवेअर बदललं. नवे मोबाइल आले, निरोप जाईनात — हिनं पंधरा दिवस क्लास बंद ठेवून ते दुरुस्त केलं. जेवायला बसली की फोन — "मॅडम, निरोप आला नाय अजून!" असं करता करता क्लासची मुलं दुसरीकडे गेली. क्लास बंद पडला.

मग गावांनी काहीच केलं नाही? छे छे! भलतंच! गावांनी सत्कार केले! शाल, श्रीफळ, फोटो! घरात बारा महिने नारळाच्या वड्या! आईचे दात शिवशिवायला लागले हो.

शेवटी बाईनं पुण्याच्या एका कंपनीत नोकरी धरली. अट अशी, की बाहेरचं कुठलंही काम करायचं नाही. सोमवारी हजर व्हायचं. आणि दहा दिवसांनी उन्हाळ्याचं पाणी सुटणार! पाणपाळी बंद पडली तर? पुन्हा चिठोरी, पुन्हा फावडी!

पाणीवापर संस्थेचे चेअरमन, रंगनाथअण्णा गायखे. कालव्याच्या तोंडाशी मोरखांब नावाचं गाव आहे, तिथले. त्यांनी तातडीची मीटिंग बोलावली. दोन तास चर्चा! आणि काय ठरलं, सांगा बघू? ...बरोब्बर! निरोपाचा सत्कार!

मांडव घातला. अण्णा शाल घेऊन उभे. शर्वरीबाई आल्या त्या ट्रंक घेऊन. ट्रंक उघडली — आत शालीच शाली! म्हणाल्या, "अण्णा, तीस आहेत. तुमची एकतिसावी. ठेवायला जागा नाही हो. रागावू नका, पण ह्या अंगावर घेऊन मी किराणा आणायला जाऊ का?"

अण्णा खरोखरच गोंधळले. वाईट माणूस नव्हे तो! म्हणाले, "ताई, पण सॉफ्टवेअर तर तुम्ही कवाच लिहिलंय की! एकदा लिहिलं म्हंजे झालं ना? त्याला रोज काय करावं लागतं?"

शर्वरीबाई काही बोलायच्या आत मागून आवाज आला, "अण्णा, चारी एकदा खणली म्हंजे झालं का?"

कोण बोललं? बाळनाथ पाटकरी! ज्याची चिठोरी ह्या बाईनं मोडीत काढली, तोच! म्हणाला, "दरसाल पाणी सुटायच्या आधी आपण गाळ काढतो. घरटी एक माणूस येतो. ज्याला येणं होत नाय, तो दुसऱ्या गड्याचा रोज देतो. मग ही ताई तिची चारी पाच वर्सं एकटी उपसतीय, आन् आपण काठावर बसून नारळ देतोय!"

वा रे बाळनाथा!

अण्णांचं डोकं चाललं. "ठरलं! ज्यानं त्यानं जमिनीप्रमाणे ताईंना पैशाचा वाटा द्यायचा! जो देणार नाही, त्याचा निरोप बंद!"

"नाही," शर्वरीबाई म्हणाल्या. "कुलूपच लावायचं असतं तर पहिल्या दिवशी लावलं असतं. न देणाऱ्यालाही निरोप जाईल."

"आँ? मग देईल कोण?"

"मला तरी कुठे माहीत? बघू या की! एक वर्ष थांबते मी." आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांनी पुण्याला फोन करून नोकरी नाकारली. आईनं डोळ्याला पदर लावला.

आता मंडळी, तुम्हीच सांगा, पहिला वाटा कुणाचा आला असेल? सर्वांत श्रीमंत गावाचा? अहं! कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या निंबखारीचा, जिथे पाणी पोचता पोचता करंगळीएवढं होतं! मग एकेक करत पंधरा गावांचा आला. शाळेतले दोन मास्तर दर शनिवारी बाईंकडे बसून काम शिकू लागले. सोळा गावं झाली. सतरावं कुठलं राहिलं? मोरखांब! खुद्द अण्णांचं! त्यांना वाटलं, सोळा देतायत, आपल्यावाचून काय अडतंय?

वर्ष सरलं. अण्णा एक दिवस बाईंच्या दारात येऊन उभे. मान खाली. "ताई, आम्ही छदाम दिला नाय. तरी आमचा निरोप एकदा बी चुकला नाय. का वो?"

"अण्णा, तुमची पाळी चुकली की खालची सोळा चुकतात. तुम्ही दिलं नाहीत, म्हणून निंबखारीला कोरडं ठेवू?"

अण्णा ओट्यावर बसले. म्हणाले, "मला वाटलं, मी पैसे वाचवले. मी तर निंबखारीच्या जिवावर पाणी प्यालो!" आणि सरलेल्या वर्षाचा नि येत्या वर्षाचाही वाटा काढून ठेवला. लाजले हो, मनापासून लाजले.

तुम्ही म्हणाल, बुवा, कथा छान! थांबा. हा तंबोरा ऐकताय ना? तो माझ्या फोनमधल्या अ‍ॅपचा. फुकटचा! सहा वर्षं त्यावर गातोय, सहा वर्षं बिदागी घेतोय. परवा ही कथा जुळवताना मलाच खुटखुटलं — हा केला कुणी? शोधलं. तळाशी बारीक अक्षरात एक नाव आणि पत्ता होता. मी पत्र टाकलं. चार ओळींचं उत्तर आलं. त्यातली एक सांगतो — 'बुवा, दोन लाख लोक हा तंबोरा लावतात. पत्र तुमचं पहिलंच आलं.'

आजच्या बिदागीतला निम्मा वाटा त्या माणसाचा, आणि ह्यापुढे दर कीर्तनाचा. तुमच्या खिशात काय काय फुकटचं आहे, ते घरी जाऊन बघा. तळाशी नाव असतं.

आणि विश्वस्त मंडळी, त्या टेबलाखाली घडी घालून काय ठेवलंय, ते मला मघापासून दिसतंय. ती शाल तेवढी राहू द्या. बोला, हरी बोला!