रोपांची रात्र

टायमर घेताना दुकानदाराचं ऐकावं, हे मी उशिरा शिकलो. तेव्हा मी शहापूरच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. बंद खोलीत ट्यूबलाइटखाली धानाची रोपं वाढवत होतो. दिवे सकाळी आपोआप लागावेत आणि रात्री विझावेत म्हणून भंडाऱ्याला टायमर घ्यायला गेलो.

दुकानदार म्हणाला, "गुरुजी, लाइट गेली का हा थांबते. चावीवाला घ्या, तो लाइटीबिगर चालते."

मी म्हटलं, "थांबू दे. रोपाले काय समजते?"

लाइट रोज दोनेक तास जायची आणि टायमर तेवढाच मागं पडायचा. आठवड्यानं विज्ञान प्रदर्शनासाठी प्रयोग निवडायला शिक्षण खात्याचे साहेब आले, भर दुपारी. खोलीत अंधार.

"दिवे काहून बंद आहेत?"

"साहेब, रोपायची आता रात्र होऊन राहिली."

"मंग सकाळ कवा होते?"

"लाइट कितीक वेळ जाते, त्याच्यावर आहे."

साहेबांनी शांतपणे यादीतून आमचं नाव खोडलं. म्हणाले, "गुरुजी, हा प्रयोग तुमचा नाही, लाइटचा होऊन राहिला."