एलिजा मास्तरांचा अचूक शब्द

तुझा नातू मोबाईलवर अवघड इंग्रजी शब्द पाठ करतो म्हणालास ना, त्यावरून आमचे एलिजा मास्तर आठवले. साठ सालच्या आसपास पनवेलमध्ये मॅट्रिकच्या पोरांना इंग्रजी शिकवायचे. ज्यू होते, पण मराठी अगदी आपल्यासारखंच. 'व्हेरी' या शब्दाचा त्यांना भारी राग. म्हणायचे, "व्हेरी लावणारा माणूस आळशी. अचूक शब्द शोधा."

एकदा सुकापूरचा पांडू उशिरा आला, डोळे लाल.

"सर, आमची म्हैस मेली. आय ॲम व्हेरी सॅड."

"व्हेरी सॅड नाही. इनकन्सोलेबल. म्हणजे ज्याची समजूत घालता येत नाही असा. म्हण."

पांडूने हुंदके देत म्हटलं. शाळा सुटल्यावर मास्तर त्याच्याबरोबर सुकापूरला गेले आणि अंधार पडेपर्यंत त्याच्या बापाजवळ बसून राहिले.

पुढे मास्तर बिऱ्हाड आवरून कायमचे इस्रायलला निघाले. निरोप द्यायला आम्ही चांगले जड जड शब्द पाठ करून एस.टी. स्टँडवर गेलो. गाडी लागली आणि सगळे विसरलो. मास्तर पायरीवर चढले, मागे वळले आणि आपल्याकडे घरातून निघताना म्हणतात तसं म्हणाले, "येतो रे."

ते परत येणार नव्हते. त्यांनाही माहीत होतं, आम्हालाही. चुकीच्या शब्दासाठी आम्हाला बाकावर उभं करणारा माणूस, पण त्या दिवशी त्यांची चूक आम्ही पोटात घातली.

पांडू म्हणाला, "या सर. आमी कुठं जात नाय."