लूक्यूब्रेशन

तुम्हाला इंग्रजीची भीती वाटत नाही, कारण तुमच्या कागदावर साहेबाने कधी ‘लूक्यूब्रेशन’ लिहिलेलं नाही. मी संस्थानी दरबारच्या कचेरीत इंग्रज साहेबाच्या हाताखाली कारकून होतो. माझा सोळा पानी अहवाल परत आला, त्यावर लाल शाईत एवढंच, ‘तुमचं लूक्यूब्रेशन पाहिलं. उद्या भेटा.’

टोपी बाजारात जोशी मास्तरांकडे एक जुनी डिक्शनरी होती, तिकडे धावलो. मास्तरांनी चष्मा पुसून अर्थ वाचला, “रात्री दिव्यापाशी जागून केलेलं लेखन.”

अहवाल मी रात्री घरीच लिहिला होता, आणि दिव्यात मिट्टीचं तेल, म्हणजे रॉकेल, होतं ते कचेरीतून गुपचूप आणलेलं. साहेबाला कळलं कसं?

“मास्तर, आता काय करू?”

“कबूल करून टाका. निदान नोकरी वाचेल.”

दुसऱ्या दिवशी उरलेल्या तेलाची बाटली साहेबाच्या टेबलावर ठेवली आणि हात जोडले. “हुजूर, गलती हो गई. तेल वापस लाया हूँ.”

साहेबाने बाटली उचलून उजेडात धरली.

“कौन सा तेल, बाबू? लूक्यूब्रेशन मतलब हम तो लिखा था, रिपोर्ट बहुत लंबा है.”