डाव्या चाकाची हवा

—पंक्चर न्हाई, पंक्चर न्हाई, हेच तू मागल्या रविवारीबी बोल्लास, त्याच्या मागल्या रविवारीबी बोल्लास. मंग हवा जाती कुटं? पंक्चर न्हाई, हवा भरायचा वॉल चांगला, रिम चांगली, पान्याच्या टबात बुडवलं तर एक बुडबुडा न्हाई — अन् सकाळी उठून बघावं तर डावं चाक बसलेलं. उजवं टनक, डावं बसलेलं. दर रविवारी. सुहास, मी वराळ्यात जलमलो अन् वराळ्यातच म्हातारा झालो, मला येड्यात काढू नगंस. तुमा टायरवाल्यांची समदी कळा म्हाईत हाय मला. हायवेला खिळे कोन टाकतं, वॉलची पिन कोन सैल ठेवतं — गिऱ्हाईक परत आलं पायजे ना दुकानात. आज बस हितं खाली अन् माझ्या म्होरं भर. मी बघनार हाय, डोळ्याची पापनी हलवनार न्हाई. स्टूल दे. न्हाई, हात नगं. स्टूल दे म्हनलं, हात मागितला का तुला?

आन त्यो कोन मोबाइल काढतोय? लोनावळ्याला निघालाय व्हय — मंग जा म्हनावं, तितं माकडं हायत फोटो काढायला. ह्या हौशीरामची गाडी तमाशा न्हाई. जो तो हुबा ऱ्हातो अन् बघतो. पुढं दोन चाकं, मागं एक, हाय काय त्यात बघन्यासारखं? मागलं अर्धं माझ्याच बुलेटचं हाय, इंजिन तेच, आवाज तोच. पुढलं अर्धं चाकनच्या फॅब्रिकेशनवाल्यानं करून दिलं, कारचं काढून. अंगावरनं वारं गेलं माझ्या, डावा हात गेला, डावा पाय निम्मा गेला, डॉक्टर म्हनला गाडी आता इसरा. म्या म्हनलं, दोन चाकावर तोल जातो ना, मंग तिसरं लावतो. क्लच, ब्रेक, समदं उजव्या हाताखाली घेतलं. डॉक्टरचं तोंड बघायला पायजे व्हतं तू.

टायर कुनी निवडले? मी निवडले. तू काय म्हनत व्हतास — भाऊ, मोटरसायकलचेच बसवा, दिसायला झ्याक दिसत्याल. दिसायला. आरं, मोटरसायकल वळनावर कलती म्हनून तिच्या टायरची पाठ गोल असती. ही कलनार हाय का? ही तीन पायांवर हुबी. हिला सपाट पाठीचा टायर पायजे, रस्त्याला पुरा टेकनारा. मंग तू रिक्षाचे दावलेस. रिक्षाचे, बुलेटच्या इंजिनाला — लाज वाटली न्हाई तुला? शेवटाला ल्हान कारचे घेतले, दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, म्या सोता हात फिरवून बघितले. अन् त्यात तू हवा किती ठोकलीस? कारचा टायर दिसला की कारची हवा, डोकं चालवायचंच न्हाई. तीसच्या वर. फाट्यावरच्या स्पीडब्रेकरला गाडी अशी उडाली की माझी कवळी हातात आली. आरं, कारच्या नाकावर इंजिनाचं वजन असतं. हिच्या नाकावर काय हाय — दोन दिवे अन् दसऱ्याचा वाळका हार. हिला एकोनीस, लय तर वीस. अन् दोन्हीकडं सारखी पायजे, हे तर लाखदा सांगितलं. एकीकडं कमी झाली की गाडी तिकडं वढती. उजवीकडं वढली तर मी सांभाळीन. डावीकडं वढली तर कशानं सांभाळू, डावा हात तर— तू भर. माझ्या तोंडाकडं बघू नगंस, मीटरकडं बघ.

तुझी ती जादा हवा कुनी कमी केली म्हाईत हाय का? आमच्या नंदानं. व्हय, माझ्या बायकोनं. मला खाली बसता येईना, तू तर दुकान लावून लग्नाला गेलेला. म्या म्हनलं, नंदा, केसातला आकडा काढ अन् ह्या वॉलच्या मधल्या पिनीवर दाब. फुस्स झालं की हात मागं. परत दाबलं, परत हात मागं. म्या वरडलो, अगं गाडी हाय, नाग न्हाई. मी मीटर धरला अन् तिनं आकडा धरला, सांजपतुर चाललं व्हतं आमचं — कमी झाली की मी वरडायचा, जादा ऱ्हायली की मी वरडायचा. जमलं शेवटाला. तर बाई टोपी लावायचीच इसरली. वॉलची ही एवढीशी टोपी, तशीच मातीत पडलेली. अशी झापली तिला — टोपी न्हाई लावली तर धूळ जाती, धूळ गेली की वॉल खराब, हवा काढली की पयली टोपी, मंग बाकीचं काय ते. रडली थोडी. रडंना का, शिकली तर खरी. जलमभर माझ्या मागं बसली अन् गाडीतलं तिला तेवढंच येतं.

आज घाई कसली म्हनतोस? तुला सांगायला मी काय बांधलोय? बरं, ऐक. तिचं म्हायेर वलवनचं, धरनाच्या अंगाला. आई हाय अजून. हातरुनाला खिळलीया. मानसं वळखत न्हाई म्हनत्यात, पर हातावरनं नंदाला वळखती, हात हातात दिला की नाव घेती. भाऊ फोन करतो तिचा, ताई यिऊन जा, आता काय सांगता येत न्हाई. त्याच दिवशी म्या म्हनलं, रविवारी नेतो तुला, माझ्या गाडीवर. तर आदिनाथ — आमचा दिवटा, कंपनीत हाय ना — त्यो म्हनतो, आई लोकलनं जाईल की, तळेगावात बसली की लोनावळा. लोकलनं. माझी गाडी दारात हुबी अन् माझी बायको म्हायेरी लोकलनं जानार. मी काय मेलोय? म्या सांगून ठेवलं, ह्या घरातलं कुनी वलवनला जाईल तर माझ्या गाडीवर, न्हाईतर कुनी जायाचं न्हाई. मंग त्याला आनखी तोंड फुटलं. बाबा, गाडी इकून टाका, तुमच्या हातात आता — म्होरचं म्या ऐकलंच न्हाई. म्होरं ताट व्हतं, भिंतीवर गेलं. आमटीचा डाग हाय अजून तितं. तवापास्नं घरात कुनी गाडीचा इषय काढत न्हाई. नंदाबी न्हाई. बरं हाय, घर कसं शांत पायजे.

ती घाबरती? कोन म्हनलं? तू म्हनलास आत्ता. म्हनला न्हाईस, पर तोंड तसं केलंस. आरं, बसलीया ती ह्या गाडीवर, एकदा तळेगाव टेशनापतुर गेलतो आमी. येताना त्या मोठ्या वळनावर कंटेनर आला अंगावर, गाडी जरा डावीकडं गेली. जरा. गटार हातभर लांब ऱ्हायलं व्हतं, हातभर म्हंजी लय झालं. हिनं मागनं माझा सदरा असा धरलेला की बटन तुटून उडालं. घरी आल्यावर पान्याचा तांब्या घिऊन बसली उंबऱ्यावर — पीत न्हवती, नुसती धरून बसलेली. म्या इचारलं, काय गं? तर म्हनली, मजा आली. ऐकलंस का? मजा आली म्हनली. मंग ही घाबरती असं कुनी सांगितलं तुला?

कवापास्नं जाती हवा, ते इचारतोस? आता इचारतोस व्हय, इतक्या दिसांनी. त्याच आठवड्यापास्नं, टेशनाला जाऊन आलो तवापास्नं. आधी कदी गेली न्हाई. शनिवारी सांजच्याला तूच भरतोस, एकोनीस, माझ्या डोळ्यांदेखत. गाडी रातभर पडवीत. डावी बाजू सैपाकघराच्या दाराला लागून, मधी मानूस जाईल येवढीच जागा. तितं कोन येनार हाय बाहेरचं? अन् सकाळी चाक बसलेलं. मी घासत घासत तुझ्या दारात येतो, तू टब मांडतोस, बुडबुडे बघतोस, ऊन वर येतं, अन् मंग तुझं ठरलेलं — भाऊ, आजच्या दिस ऱ्हाऊ द्या, हवा टिकती का बघू, म्होरल्या रविवारी जावा. दर टायमाला तेच. आज मी ऐकनार न्हाई. पाटेपास्नं तयार हून बसलीया ती, ठेवनीतलं पातळ नेसून. डब्यात शेवयाची खीर हाय, आईला दात न्हाईत म्हनून शेवया पार मऊ शिजवती. दर रविवारी करती. अन् दर रविवारी मी हितनं हात हलवत जातो, अन् दुपारी ती खीर आमी दोघं खातो, एकमेकाकडं न बघता. आज परत कुठल्या तोंडानं सांगू तिला? सांग ना.

थांब. बंद कर ती मशीन. मघाशी ही टोपी काढताना तू पक्कड कशाला घेतली? डाव्या चाकाची टोपी. बोटानं निघंना? इतकी घट्ट? तू लावतोस व्हय इतकी घट्ट? न्हाई, तू न्हाई. तू दोन येढे देतोस अन् सोडतोस, म्या कालच बघितलंय. मंग रातीतनं टोपी घट्ट कशी झाली? वैरी असता तर टोपी फेकून गेला असता. गावातलं कुनी खोडी काढायला आलं असतं तर त्यानंबी फेकली असती. हवा काढून वर टोपी कोन लावतं — अन् तीबी अशी, दोन्ही हातांनी, जीव लावून, धूळ जाऊ नये म्हनून — हवा काढली की पयली टोपी, मंग बाकीचं—

खाली काय बघतोस? वर बघ. माझ्याकडं बघ. तुला म्हाईत व्हतं. पयल्या दिसापास्नं म्हाईत व्हतं तुला, म्हनून टब मांडायचास, म्हनून ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. ती आलती हितं? काय बोल्ली? न्हाई — नगं. नगं सांगूस. तू सांगितलंस तर मी तुझं दुकान पेटवीन.

पानी दे.

रातच्याला हवा सोडती अन् पाटं उठून खीर करती. सुहास, कसं करत आसंल रं ती? अंधारात खाली बसायचं, गुडघे धरत्यात तिचे, आकडा काढायचा, अन् फुस्स झालं की मी जागा हुईन म्हनून थोडी थोडी सोडायची. तोंडावर सांगायचं ना मला. सांगायचं, तुमच्या मागं बसत न्हाई, भ्या वाटतं मला. म्या काय खाल्लं असतं का तिला? काय रं, म्या काय— भिंतीवरला त्यो आमटीचा डाग सोता घासत व्हती ती, दोन दीस, राखेनं. कसं सांगंल ती. आईचा हात हातात न्हाई आला तरी चाललं, पर ह्या मानसाला, तुला आता गाडी जमत न्हाई, येवढं म्हनायचं न्हाई. चार रविवार तिनं आई सोडली. माझ्यासाठनं सोडली. अन् मी वर तिला म्हनतो, बघ, त्यो सुहास चोर हाय.

हात लावू नगंस. बरा हाय मी. खांद्यावरचा हात काढ पयला.

फाट्यावर निवृत्तीची रिक्षा हाय का बघ. फोन लाव त्याला. वलवनला जायाचं म्हन, दोन मानसं, तितं थांबायचं अन् सांजच्याला परत आनायचं. आदी माझ्या दारात जा म्हनावं, तिला घे, मंग मला हितनं घे. अन् तू नंदाला फोन कर. सांग, भाऊंचा टायर आज कायमचाच गेला, तसला दुसरा बाजारात न्हाई, मागवायला लागंल, कवा यील ते सांगता येत न्हाई. तू सांग, मी न्हाई सांगनार. मी काय करतोय इचारलं तर म्हन, मला शिव्या देत बसल्यात. तिला खरं वाटंल. अन् ह्याच्यापरीस एक शबूद जादा बोललास, मला कळलंय असं नुसतं आवाजातनं जरी कळू दिलंस तिला — ही काठी बघितलीस ना? उजवा हात शाबूत हाय माझा.

भरली का? किती? एकोनीस. अन् उजव्यात? एकोनीस. दोन्ही सारख्या. आज बरी भरलीस.

आता डाव्यातली काढ. समदी. बघतोस काय माझ्याकडं, काढ म्हनलं ना. अन् टोपी घट्ट लाव.