भरतीआधीचा गोलकीपर

यार, आमच्या अंधेरीच्या क्लबाची वाट लावली ती कमिटीत बसून आपलेच भाचे-पुतणे गोलात उभे करणाऱ्यांनी! म्हणून त्या वर्षी सेमीफायनलआधी मीच फॉर्म घेऊन माहुलला गेलो. तिथला हरेश्वर मासेमारी करायचा आणि गोलात एक बॉल सोडायचा नाही.

"रविवारी तीनला मॅच आहे, चेंबूरला. येशील ना?"

"येतो. पण पाचला भरती आली की आमची बोट निघते. बरोबरी होऊन मॅच लांबली, तर मी अर्ध्यावर सोडून जाणार."

"बरोबरी होणारच नाही रे! यंदा आपण जिंकणार!"

त्याने हसत सही केली. मी तर कप मिळाल्यासारखा नाचलो. शेजारी जाळं विणत बसलेल्या त्याच्या आईने मान वर केली.

"गोल हा अडवेल, पोरा. पण मारणारा कोण आहे तुमच्याकडे?"