गल्ली गप्प होते तेव्हा

मी जन्मलो अंबरनाथ पूर्वेलाच, विहाराच्या मागच्या चाळीत. बाप कारखान्यात होता, तो लवकर गेला, मग आयनं धुणीभांडी करून वाढवलं, आणि मी शाळा सोडून लागलो कुठं, तर कुत्री पकडायच्या गाडीवर. हसू नका ताई. दोन हजार सालानंतरची गोष्ट, नगरपालिकेनं ठेका दिलेला, भटकी कुत्री मारायची नाहीत, पकडायची, शेडमध्ये ठेवायची, ऑपरेशन करायचं, खूण म्हणून कानाचा कोपरा कापायचा, आणि जखम भरली की जिथनं उचलली त्याच गल्लीत नेऊन सोडायची. शेड उल्हासनगरच्या अंगाला, नाल्यापलीकडं. पिंजऱ्याच्या दारावर खडूनं गल्लीचं नाव लिहायचं काम माझं.

काय सांगू तुम्हाला, त्या शेडचा वास अंगाला असा बसला की साबणानं जाईना. मी दिसलो की कुत्री गप्प. भुंकणं नाही, गुरगुरणं नाही, भिंतीला चिकटून उभी. चार वाजता ड्युटी सुटून मी आलो की अख्खी गल्ली गप्प. आयचे दोन्ही डोळे गेलेले, पण ती तेवढ्यावरनं ओळखायची, आलास का रे बाळ्या, आणि मी अजून नळापाशीच असायचो. चाळीतले हसायचे, मला कधी हसू आलं नाही.

आयची एक लाली होती. म्हणजे गल्लीचीच कुत्री, पण आमच्या उंबऱ्याशी बसायची, आय तिच्या डोक्यावरनं हात फिरवत राहायची. आमची गल्ली मी टाळत होतो, पण मुकादम म्हणाला, तुझ्या गल्लीला काय सोनं लागलंय, घे आज. लालीला मीच उचलली. आयला म्हटलं, दवाखान्यात नेतो, आठ दिवसांत आणतो.

आणि सोडायच्या दिवशी मी काय केलं, गाडी यायच्या आधी पाइप लावून शेड धुतली. रोजची सवय हो, एरवी दारं सोडून फरशीच धुवायचो, त्या दिवशी झोत दारांवर गेला. खडू सगळा वाहून गेला. तांबड्या कुत्र्या चार, चारी भिंतीकडं तोंड करून बसलेल्या, लाली म्हणून हाक मारली तर एकीनं मान वळवली नाही. घरातली कुत्री, पण मी तिला धड बघितली कधी होती, मी आलो की ती तोंड फिरवायची. अंदाजानं भरल्या गाडीत. आमच्या गल्लीत सोडली ती लाली नव्हती, दार उघडलं तशी पळाली, उंबऱ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग सुट्टीच्या दिवशी हेंद्रेपाड्यात फिरलो, तिथं त्या चारींतली एक सोडली होती. टपरीवाला म्हणाला, कान कटी लाल कुतिया? वो तो ट्रक के नीचे आ गयी. घरी आय विचारते, लाली कधी येणार? मी म्हटलं, जखम भरली नाही अजून, येईल. रोज विचारायची, मी रोज तेच सांगायचो.

एकदा तापानं घरी होतो. आयच्या हातात चहा देत होतो, चारचा सुमार, बाहेर कुत्री भुंकत होती, ती एकदम गप्प. आय म्हणाली, बाळ्या आला. मी म्हटलं, आये, मी इथंच आहे, बशी मीच धरलीय. ती थांबली. मग सरकत सरकत उंबऱ्यापाशी गेली आणि हात फिरवायला लागली, हवेत, कुत्र्याचं डोकं असेल तेवढ्या उंचीवर. बाहेर कोणी नव्हतं ताई, मी बघत होतो, उन्हात नुसता ओटा. आय हसत होती. मग तिची बोटं कुठंतरी अडली, तिनं चाचपलं, आणि माझ्याकडं तोंड करून म्हणाली, बाळ्या, हिचा कान कुणी रे कापला?

कान कापतात हे मी आयला कधी सांगितलं नव्हतं. मी भ्यालो, तिचे पाय धरले, सगळं सांगितलं, खडू, पाइप, ट्रक. ती हात फिरवतच राहिली.

दुसऱ्या दिवशी काम सोडलं. आता वॉचमन आहे, अंगाचा वास गेला, कुत्री माझ्यावर भुंकतात, बरं वाटतं. आयही गेली. पण चार वाजले की गल्ली गप्प होते, मी उंबऱ्याशी बसतो, हात पुढं करतो. हाताला काही लागत नाही. माझ्याकडं लाली कशाला येईल? निघा तुम्ही ताई, चार वाजत आले. तुमच्या गल्लीतली कुत्री भुंकत राहोत, एवढंच म्हणतो.